जोडीदारासाठी दोन बाटल्या

१

परदेशी मालवाहू कंपनीत नोकरी करणाऱ्या वैमानिकाला एक बायको असते आणि एक जोडीदार. बायको महिनाआड भेटते. जोडीदार कधीच भेटत नाही. मी महिनाभर पोर्ट मोर्स्बीला विमान चालवतो तेव्हा तो घरी असतो. मी घरी गेलो की तो येतो, माझ्या खोलीत झोपतो, माझ्या खुर्चीत बसतो, माझ्याच मार्गांवर उडतो. जागा एक, माणसं दोन. कंपनीचं त्यात बरं चालतं आणि गादी कधी गार पडत नाही.

मी वॉरन पीक. घर ऑस्ट्रेलियात, केर्न्सच्या वरच्या पठारावर, मलांडा गावाबाहेर. तिकडची माझी कंपनी बुडाली तेव्हा मी पन्नाशीला टेकलो होतो, आणि या वयाच्या वैमानिकाला आमच्याकडे कुणी विचारत नाही. उत्तरेला, समुद्रापलीकडे, पोर्ट मोर्स्बीतल्या या कंपनीने विचारलं, म्हणून आलो. माझी तक्रार नाही. म्हणजे असते, पण ती सवयीची.

माझ्या जोडीदाराचं नाव अ‍ॅन्स्टी. ड्युटीच्या तक्त्यावर माझ्या नावाखाली त्याचं नाव असतं, एवढीच आमची ओळख. मोर्स्बीच्या बोरोको भागात काटेरी तारांच्या कुंपणात कंपनीचं घर आहे, तिथे चार खोल्या, आणि त्या घराची एक रीत आहे. जाणाऱ्याने आपल्या चादरी काढून, घडी घालून पलंगाच्या पायथ्याशी ठेवायच्या. आणि फ्रिजच्या खालच्या फळीवर, अगदी मागे, इथल्या बिअरच्या दोन बाटल्या ठेवायच्या. लेबलं पुढे करून. ही रीत कुणी पाडली कुणास ठाऊक. अर्थ साधा आहे: माझं झालं, आता तू.

अ‍ॅन्स्टीने हे कधी चुकवलं नाही. मला तो आवडायचा. न भेटलेला माणूस आवडायला फार कष्ट पडत नाहीत.

२

जूनच्या शेवटी मी पुन्हा मोर्स्बीला आलो. चादरींची घडी होती, बाटल्याही होत्या. बाटल्यांच्या मागे एक बरणी होती.

लिंबाचा मुरंबा. अर्धा संपलेला. तोंडावर पिवळ्या चौकड्यांचं कापड, त्याला रबर लावलेलं. ते कापड मी ओळखलं. माझी पोरगी पिपा चार वर्षांची असताना तिला त्या कापडाचा फ्रॉक होता, आणि तो आखूड झाल्यावर माझ्या बायकोने, रोंडाने, त्याचे चौकोन कापून ठेवले होते, अशाच बरण्यांसाठी. आमच्या मागच्या अंगणात लिंबाचं झाड आहे.

मी काही ती बरणी आणली नव्हती. मग वाटलं, आणलीही असेल. महिन्याआड बॅग भरणाऱ्या माणसाने आपल्या आठवणीवर फार विसंबू नये.

गेउआ स्वयंपाकघरात रताळी सोलत होती. हानुआबाडाच्या कोळीवाड्यातली ही बाई वीस वर्षं हे घर सांभाळते आहे. वैमानिक येतात-जातात, गेउआ हलत नाही.

"गेउआ, ही बरणी कुणी आणली?"

"तुम्हीच. तू नाहीतर तो."

"तो म्हणजे अ‍ॅन्स्टी? दिसतो कसा ग हा?"

ती मनापासून हसली. "अरे लेकरा, तुम्ही गोरे मला सगळे सारखेच. उन्हात लाल, सावलीत फिके." मग तिने सुरी थांबवली आणि माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "तो हसतो. एवढाच फरक."

रोंडाशी फोनवर बोलताना मी सहज विषय काढला. "मुरंब्याची बरणी बॅगेत तू टाकलीस का ग?"

"मी कशाला टाकू? तूच मागून घेतलीस. म्हणालास, अख्खी दे, तिकडे गेल्यावर पुरवून खाईन."

ती म्हणत असेल तर असेल. दुसऱ्या दिवशी न्याहारीला मी तो मुरंबा खाल्ला. आमच्याच घरचा होता, चव ओळखीची होती.

३

दुसऱ्या आठवड्यात आम्ही कोंबडीची पिल्लं नेत होतो. एका दिवसाची पिल्लं, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या खोक्यांत, आमच्या पाठीमागे छतापर्यंत रचलेली. डोंगरावर दुपारचे ढग चढायच्या आत पोचायचं आणि परत यायचं. त्यांची चिवचिव पंख्यांच्या आवाजातूनही ऐकू येते. कुठे चाललोय हे त्यांना ठाऊक नसतं, पण ओरडायला हरकत नसते.

माझा सहवैमानिक नोनॉय साल्सेदो, फिलिपाइन्सचा. त्याची पाळी वेगळी, त्यामुळे तो माझ्याबरोबरही उडतो आणि अ‍ॅन्स्टीबरोबरही.

"अ‍ॅन्स्टीसाहेबांनाही ही पिल्लं सोसत नाहीत," तो म्हणाला. "अगदी तुमच्यासारखे हेडफोन दाबून धरतात."

"माणूस कसा आहे?"

"लाख माणूस आहे, कॅप्टन. राग मानू नका, तुम्ही माझ्याशी हवामानाशिवाय काही बोलत नाही. ते आपले घरचं सांगत बसतात. पोरीचा पुढचा दात हलतोय म्हणे. मागच्या महिन्यात पाच वेळा ऐकलं मी ते. आता घरी गेल्यावर पडणारच, म्हणून इथलं भोकाचं नाणं घेऊन गेलेत, उशीखाली ठेवायला."

मी हसलो. आमच्याकडे पडलेला दात पोरं उशीखाली ठेवतात आणि सकाळी तिथे नाणं सापडतं. पिपाचाही पुढचा दात हलत होता. आणि इथल्या चलनातलं एक किनाचं नाणं मीही तिच्यासाठी बाजूला ठेवलं होतं. मधोमध भोक असलेलं नाणं तिने कधी पाहिलं नव्हतं. मागच्या वेळी घरी जाताना ते न्यायचं राहून गेलं, खोलीतल्या खणातच पडलं होतं.

"राहतो कुठे हा?"

"काय कॅप्टन! तुमच्याकडचेच ना ते? पठारावरचे. मला वाटलं शेजारी असाल."

मी खाली दरीकडे बघत राहिलो. आमच्या पठारावर दुसरा वैमानिक राहत असता तर दूधवाल्यापासून शाळेच्या बाईंपर्यंत प्रत्येकाने मला सांगितलं असतं. तिथे कुणाकडे नवीन म्हैस आली तरी चर्चा होते.

४

खोलीवर आल्याबरोबर मी खण उघडला. टाचण्या होत्या, जुनी पेनं होती, डोकेदुखीच्या गोळ्या होत्या. नाणं नव्हतं.

अ‍ॅन्स्टीने नेलं. ठीक आहे. एका घरात राहणारे लोक एकमेकांच्या वस्तू उचलतात. त्याचीही मुलगी आहे, तिचाही दात हलतोय, जगातल्या निम्म्या पोरींचे त्या वयात हलतात. मी स्वतःला हे नीट समजावलं आणि घरी फोन लावला.

पडद्यावर आधी पिपाचं कपाळ आलं, मग नाक, मग तोंड. तिने ओठ बाजूला ताणून दाखवले. पुढे खिडकी पडली होती.

"पडला?" मी ओरडलोच. "अग, मी येईपर्यंत थांब म्हटलं होतं ना!"

"थांबलाच होता की," ती म्हणाली. "तू आलास मग पडला."

तिने गळ्यातला दोरा पुढे ओढला. दोऱ्यात भोकाचं नाणं होतं.

"हे कुणी दिलं?"

"उशीखाली होतं." ती हसली, त्या फटीतून. "मी जागी होते, मी पाहिलं. बाबाने ठेवलं."

मग रोंडाने फोन घेतला. मी म्हटलं, मी इथे आहे, दोन आठवडे इथेच आहे. ती म्हणाली, "हो रे, माहीत आहे." आजारी माणसाशी बोलावं तशी, हळू. मग पाण्याच्या टाकीचा पंप आता छान चालतो म्हणाली. गेले चार महिने तो पंप मी उद्यावर टाकत होतो.

त्या दिवशी गेउआने मासळी आणि भात वाढला. मी तसाच ठेवला. तिने ताट झाकून ठेवलं.

५

मग मला उलगडा झाला, आणि खरं सांगतो, बरं वाटलं. अ‍ॅन्स्टी माझ्या बायकोकडे जातो. एवढंच. कंपनीनेच त्याची सोय करून दिली होती: मी कधी घरी नसतो हे त्याच्याइतकं पक्कं कुणाला ठाऊक? सगळं बसत होतं. मुरंबा, पंप, नाणं. पोर लहान आहे, तिला जे म्हणायला शिकवलं ते ती म्हणते. मी खूप संतापलो, रडलोही थोडा, पण पायाखाली जमीन होती. असं माणसांच्या बाबतीत होत असतं.

पुढच्या वेळी फोन केला तो भांडायच्या तयारीने. रोंडा स्वयंपाकघरात होती, तिच्यामागे अंगणाचं जाळीचं दार, त्यातून दुपारचं ऊन. मी तोंड उघडणार तेवढ्यात दाराबाहेर आवाज झाला.

मी कुठूनही घरी आलो की बुटांचा चिखल पायरीवर झाडतो. दोनदा डावा, एकदा उजवा. उजव्या गुडघ्याला जुनी दुखापत आहे, तो पाय दुसऱ्यांदा आपटवत नाही. रोंडा यावरून मला अकरा वर्षं चिडवते.

दोनदा डावा. एकदा उजवा.

रोंडाचा चेहरा खुलला. ती माझ्याकडे बघून नाही खुलली, दाराकडे बघून. "चहा झालाय रे," तिने हाक दिली. मग मला म्हणाली, "बरं, ठेवते हं. आला तो."

"रोंडा! कोण आला?"

पडदा काळा झाला. त्यात माझं तोंड दिसत होतं. त्यानंतर संध्याकाळपर्यंत मी फोन लावत राहिलो, तिकडे तो नुसता वाजत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्याबरोबर मी ऑफिसात गेलो. ड्युट्या लावणारा डेस्मंड सुपारी चघळत तक्त्यासमोर बसला होता. मला आजच्या आज घरी जायचंय, मी म्हटलं.

"जोडीदार आल्याशिवाय जागा सोडता येत नाही, वॉरन. नवीन आहेस का तू?"

"मग त्याला बोलाव."

"तुझ्या तोंडाकडे बघून बोलावलंही असतं. पण सकाळीच बोललो मी त्याच्याशी. बायकोपोरीला घेऊन जत्रेला चाललाय. खुशीत होता. नको बाबा कुणाचा संसार मोडायला." त्याने दात दाखवले, लाल. "आणि तुझा पासपोर्ट परवान्यासाठी सरकारी कचेरीत आहे. पोहत जाणार आहेस का?"

जुलैत मलांडाची जत्रा असते. गुरांचं प्रदर्शन, पाळणे, साखरेचा कापूस. पिपाला दरवर्षी खांद्यावर बसून बघायची असते.

पोलिसांना फोन करावा असं मनात आलं. काय सांगणार होतो? माझ्या घरी कुणीतरी चहा पितंय आणि घरच्यांची तक्रार नाही? मी खोलीत आलो, पलंगावर बसलो. मग गणवेश चढवून पिल्लं पोचवायला गेलो, कारण ढग चढायच्या आत निघायचं होतं. उरलेला महिना मी असाच काढला. माझ्याकडून काही झालं नाही. मला काही सुचलंच नाही.

६

बदलीच्या दिवशी केर्न्सहून येणारं विमान एकाला आणतं आणि तेच विमान दुसऱ्याला नेतं. मोर्स्बीच्या विमानतळावर येणारे आणि जाणारे यांच्यामध्ये लांबलचक काच आहे. या वेळी मी त्या काचेला नाक लावून उभा होतो. त्याचा चेहरा बघायचा आणि विमान सोडून त्याच्यामागे धावायचं, असं ठरवलं होतं.

खाणीतले मजूर उतरले, दोन नन उतरल्या, एक मोठं कुटुंब उतरलं. त्यांच्यामागून एक माणूस निघून गेला होता आणि मला तो पाठमोराच सापडला. निळ्या चौकड्यांचा सदरा. तो सदरा रोंडाने मला वाढदिवसाला घेतला होता आणि तो घरच्या कपाटात असतो. उजवा पाय जरा जपून टाकत होता. बॅगेच्या मुठीला पिवळ्या लोकरीचा गोंडा.

पिपाने तो गोंडा माझ्यासाठी केला होता, बॅग पटकन ओळखू यावी म्हणून. एकच केला होता. मी खाली पाहिलं. माझा माझ्या बॅगेवर होता. हात लावून पाहिला.

मी काचेवर मूठ आपटली. लोक वळून बघायला लागले. तो वळला नाही. त्याने चालता चालता हात तेवढा वर केला. जागा घेताना आम्ही करतो तसा: जा तू, आलो मी.

मी धावलो नाही.

घरी पोचलो तेव्हा दुपार होती. रोंडाने दार उघडलं, गालाला गाल लावला, बॅग कुठे ठेवायची ते दाखवलं. माझ्याच घरात. मग चहा करताना तिने विचारलं, "साखर किती घेतोस?"

आत गेलो. आमच्या पलंगावरची चादर काढलेली होती, घडी घालून पायथ्याशी ठेवली होती. मी फ्रिज उघडला. खालच्या फळीवर, अगदी मागे, दोन बाटल्या. लेबलं पुढे. मोर्स्बीची बिअर. ती मलांडाला मिळत नाही.

फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावलेला फोटो होता. यंदाच्या जत्रेचा. रोंडा, तिच्या हातात साखरेचा कापूस. खांद्यावर बसलेली पिपा, गळ्यात नाणं, तोंडात फट. आणि खाली तिचे पाय धरून उभा असलेला मी.

मीच होतो. त्यात शंका घ्यायला जागा नव्हती, मला माझं तोंड माहीत आहे. परपुरुषाचा माझा सगळा उलगडा त्या फोटोसमोर विरघळून गेला आणि मला त्या उलगड्याची फार आठवण आली. फोटोतला मी हसत होतो. दात दिसतील असा, डोळे मिटतील असा. मी तसा हसत नाही. मला तसं हसताच येत नाही.

७

तो महिना सगळे माझ्याशी चांगले वागले. हेच मला सोसवत नव्हतं. रोंडाने मला धुतलेला टॉवेल दिला, जेवायला आधी वाढलं. मी फोटोबद्दल विचारलं तर म्हणाली, "किती मजा आली ना त्या दिवशी," आणि विषय बदलला, माझं मन राखावं म्हणून. पिपा मला चित्रं दाखवायची, शेजारी बसायची. पण महिनाभर तिने मला कशानेच हाक मारली नाही. काही हवं असलं की ती येऊन समोर उभी राहायची आणि मी वर बघेपर्यंत थांबायची.

निघायच्या सकाळी मी बॅग भरली नाही. न्याहारीच्या टेबलाशी बसून राहिलो. मला कुणाला हाकलायचं नव्हतं, कुणाचं काही उकलायचं नव्हतं. मला फक्त माझ्या टेबलाशी बसायचं होतं.

"गाडी येईल ना तुझी," रोंडा म्हणाली.

"मी जात नाहीये. नोकरी सोडतो. दूध काढीन, गवत कापीन, काही करीन. इथेच राहतो."

रोंडा हातातला कप पुसत होती. तो केव्हाच कोरडा झाला होता, तरी ती पुसत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदाचं नव्हतं. एवढं मला कळतं.

पिपा खुर्चीवरून उतरली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली, मी बघेपर्यंत थांबली. नाणं तिने मुठीत घट्ट धरलं होतं.

"पण तू गेला नाहीस," ती म्हणाली, "तर बाबा कसा येणार?"

तिच्या आवाजात दुष्टावा नव्हता. तिला खरंच काळजी वाटत होती. तिचा खालचा ओठ थरथरायला लागला, आणि माझ्या लेकराला रडवायचं नाही एवढी एकच गोष्ट मला त्या क्षणी सुचली.

"येईल ग," मी म्हटलं. "मी निघालो की येईल."

तिने सुटकेचा श्वास टाकला आणि माझ्या गुडघ्यावर थोपटलं. उजव्या, दुखऱ्या.

मी खोलीत गेलो. पलंगावरच्या चादरी काढल्या, घडी घातली, टोकाला टोक जुळवून पायथ्याशी ठेवली. त्याने माझ्यासाठी ठेवलेल्या बाटल्यांना मी महिनाभर हात लावला नव्हता. त्या बाहेर काढून पुसल्या आणि परत खालच्या फळीवर, मागच्या बाजूला ठेवल्या, तिथे जास्त गार राहतात. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. दार लावण्याआधी मी वाकून लेबलं पुढे केली.